कोंडा

घोटीच्या गिरणीत भात भरडला
की तांदूळ पोत्यात, तूस भट्टीला,
आणि मधे उरतो तो कोंडा :
मऊ, किंचित तेलकट, गोडसर वासाचा.
दर गुरुवारी त्यातलं एक पोतं
मी नाशिकच्या जीपच्या टपावर टाकायचो
आणि द्वारकेला उतरवून घ्यायचो
इलियासभाईच्या घोडीसाठी.
पैसे कधी घेतले नाहीत.
माझ्या वरातीचे त्याने घेतले नव्हते.

मिसरी तिचं नाव.
सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली,
बँडवाल्याने कानाशी ट्रंपेट फुंकला तरी
पापणी न हलवणारी.
किती नवरदेव मांडवापर्यंत पोचवले तिने,
त्यातले निम्मे घाबरलेले.

कोंड्याने ती भरली.
नाकाच्या दोन्ही बाजूंनी तोंड वर आलं.
"बघ, तुझ्या कोंड्याने बाळसं धरलं,"
इलियासभाई म्हणायचा, आणि मी पुढच्या वेळी
पोतं जरा जास्त दाबून भरायचो.
मूत पाण्यासारखं नितळ.
तेही आम्ही चांगलंच समजलो.

मग एके दिवशी डावा पुढचा पाय लंगडला.
आठवड्याने उजवा मागचा.
नालबंदाने चारही नाल काढून पाहिले,
खूर ठोकले, काही सापडेना.
हरभरा चावता चावता थांबायची,
ओला लगदा तोंडातून खाली पडायचा,
आणि ती त्याच्याकडे बघत राहायची,
हे आपलंच का, अशी.

डॉक्टर खैरनारबाई आल्या.
गालाच्या हाडावर बोटाने टकटक केलं,
कलिंगड घेताना करतात तसं.
रक्ताचा रिपोर्ट बघितला. कॅल्शियम बरोबर.
"मग चांगलंय ना?" इलियासभाई.
"रक्तात ते कमी पडू देतच नाही शरीर," त्या म्हणाल्या.
"मानेत इवल्याशा ग्रंथी असतात.
रक्तातला चुना घटला
की त्या सरळ हाडाला हात घालतात.
कोंड्यात फॉस्फरस पसाभर, चुना चिमूटभर.
रोज थोडं, रोज थोडं. हाड देत राहतं.
रिकाम्या जागी चिवट धागे भरतात,
ही सूज त्यांची. बाळसं नाही हे."
मग बॅग आवरता आवरता, सहज :
"फार जुना आजार. पूर्वी गिरणीवाल्यांच्या घोड्यांना व्हायचा.
नावच पडलंय, गिरणीवाल्याचा रोग."

मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं.
इलियासभाईला होतं.
तो काही बोलला नाही.
जुलेखाभाभीला हाक मारून म्हणाला,
तीन चहा टाक, एक बिनसाखरेचा.
बिनसाखरेचा माझा.

मखमलाबादहून लसूणघास यायला लागला.
चुनखडीची भुकटी, गुळाच्या पाण्यात कालवून.
लग्नसराई गेली. तबेल्याच्या दारावर
झूल वाळत घातल्यासारखी नुसती टांगलेली.
मी जायचो, रिकाम्या हाताने,
आणि रिकामे हात कुठे ठेवावेत ते कळायचं नाही.

आषाढात पहाटे साडेपाचला फोन.
"गढूळ!" तो ओरडत होता. "ताकासारखं! खाली पांढरा साका!"
घोड्याचं धड मूत पांढुरकं असतं,
जास्तीचा चुना तिथूनच बाहेर पडतो,
हे बाईंनी सांगून ठेवलं होतं.
म्हणजे आता उरायला लागलं होतं.
माझी बायको अंथरुणातून विचारत होती
कुणाला काय झालं,
आणि मला काही सांगता येईना.

तोंड मात्र पूर्ण उतरलं नाही.
दिवाळीनंतरच्या पहिल्या वरातीला
भाभीने तिच्या कपाळपट्टीची शिवण उसवली,
दोन बोटं सैल केली, वर टिकल्या लावल्या.
फोटोत कुणाला कळत नाही.

अजून गुरुवारी माझा हात
सवयीने एक पोतं बाजूला काढतो.
तळहातावर तंबाखू असते, अंगठ्याला चुना.
मी मळत मळत थांबतो.
मग पोतं उचलून परत ढिगावर ओततो,
आणि त्या मऊ, गोडसर धुरळ्यात
थोडा वेळ खोकत उभा राहतो.